बगळ्याच्या मागोमाग

चित्रपट सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल. पडद्यावरचा मुलगा, माहितो, शाळेतल्या पोरांशी झटापट करून एकटाच घरी निघाला होता. वाटेत थांबून त्यानं एक दगड उचलला आणि स्वतःच्याच डोक्यात घातला. कानाच्या वरच्या बाजूनं इतकं रक्त वाहिलं, की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो तसाच घरी पोचला होता. मी शेजारी बसलेल्या भाचीचं मनगट धरलं. "असं का केलं गं त्यानं?"

"मावशी, बघत राहा," ती म्हणाली.

मी बघत राहिले. एक राखी बगळा माणसासारखा बोलला. त्याच्या चोचीत माणसाचे दात दिसले आणि पुढे चोचीखालून मोठ्या नाकाचा एक ठेंगू, टकला माणूसच बाहेर आला. मुलगा जमिनीत बुडाला आणि एका समुद्राच्या काठावर निघाला. तिथं पेलिकन पक्ष्यांनी त्याला ढकलत ढकलत एका थडग्याच्या दारातून आत घातलं. घरातली म्हातारी मोलकरीण तिथं तरुण नावाडीण झालेली. मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, आता कोणीतरी सांगेल हे काय चाललंय. कोणीही सांगितलं नाही.

मे २०२४ मधली ही गोष्ट. चित्रपटाचं नाव 'द बॉय अँड द हेरॉन'. मी तेव्हा साठीची, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेले. इंदापूर तालुक्यात आयुष्य गेलं. जत्रेत तंबूत बसून पौराणिक चित्रपट पाहिले, नंतर दूरदर्शनवर पाहिले. जपानी चित्रपट हा पहिलाच, आणि मोठ्या माणसांनी पैसे भरून बघायचा चित्रांचा सिनेमाही पहिलाच. भाची पुण्यात नोकरी करत होती, अठ्ठावीस वर्षांची होती. सुट्टीत तिच्याकडे गेले तर म्हणाली, "एक पिक्चर आहे, चल. काही विचारू नकोस." तिनं माझ्याकडे कधी असा हट्ट केला नव्हता, म्हणून गेले.

चमत्काराच्या गोष्टी मला नवीन नाहीत. आजीनं सांगितलेल्या कहाण्यांत राक्षस असतो, त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. पण ते ठिकाण गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं. पोपटाचा पाय मोडला की राक्षसाचा पाय मोडणार, हा नियम चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो. त्या नियमाच्या आधारानंच आपण घाबरतो आणि त्याच आधारानं निर्धास्तही होतो. इथं नियमच सांगत नव्हते. बगळ्याच्या चोचीला बाणानं भोक पडलं, ते बुजवल्याशिवाय त्याला उडता येईना, आणि ज्यानं भोक पाडलं त्यानंच ते बुजवायचं, म्हणून माहितो लाकडाची खुंटी तासून चोचीत बसवतो. एवढं एक मला पटलं. हे आजीच्या गोष्टीतलं वाटलं.

त्यात भाषेची अडचण. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. ओळ वाचून होईतो चित्र पुढे गेलेलं असायचं, आणि चित्र बघत बसलं की ओळ निघून जायची. सुरुवातीचं कथानक मात्र कळलं. युद्धाचं तिसरं वर्ष, टोकियो. रात्री भोंगा वाजतो, आई ज्या रुग्णालयात आहे त्याला आग लागते. मुलगा कपडे घालून जळत्या ठिणग्यांतून धावतो. आई जाते. पुढच्या वर्षी वडील त्याला घेऊन खेड्यातल्या मोठ्या वाड्यात येतात. तिथं जी बाई त्याला घ्यायला येते ती त्याच्या आईची धाकटी बहीण, नात्सुको. आता ती त्याच्या वडिलांची बायको आहे आणि तिला दिवस गेलेत. ती माहितोचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवते. तो एक शब्द बोलत नाही.

आपल्याकडे हे नवल नाही. बायको वारली की तिच्या पाठच्या बहिणीशी लग्न लावून द्यायचं, म्हणजे पोरांची आबाळ होत नाही, असं आमच्या गावात दोन घरांत झालेलं मी पाहिलं आहे. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण सांगणाऱ्या मोठ्या माणसांना ती फार सोयीची वाटते. त्या पोराला विचारावं. माहितोच्या हाताकडे बघून मला वाटलं, हे ज्यानं काढलंय त्याला, ती म्हण ज्याला लागू पडते त्या पोराचं मन माहीत आहे.

माझी आक्का गेली तेव्हा भाची आठ वर्षांची होती. मेव्हण्यांची नोकरी फिरतीची, म्हणून ती माझ्याकडे राहिली. हे इथं सांगायला हवं, कारण त्या अंधारात मी चित्रपट एकटीनं बघत नव्हते.

मध्यंतर झालं तेव्हा पडद्यावर पांढरे, फुग्यासारखे छोटे जीव आकाशात चढत होते. त्यांचं नाव वारावारा. मराठी कानाला ते नाव आपसूक कळतं. माशाचं आतडं खाऊन त्यांची पोटं फुगतात, मग ते वळणावळणानं वर जातात आणि वरच्या जगात माणसं म्हणून जन्म घेतात. बघताना अंगावर काटा आला. दिवे लागले. मी भाचीला पाच प्रश्न विचारले. तिनं एकाचंच उत्तर दिलं: "ओकासान म्हणजे आई. तेवढा एक शब्द कानात ठेव."

मध्यंतरानंतर मी खालची अक्षरं वाचणं सोडून दिलं आणि चित्रपट मला दिसायला लागला.

पेलिकन येऊन त्या वारावारांना गिळतात. हिमी नावाची एक मुलगी आगीचे बाण सोडून त्यांना पळवते, पण त्या आगीत काही वारावाराही जळतात. मग रात्री एक म्हातारा पेलिकन जखमी होऊन अंगणात पडतो. तो मरता मरता सांगतो, की आम्हाला इथं वारावारा खाण्यासाठीच आणलं, समुद्रात मासे नाहीत, कितीही वर उडालो तरी पुन्हा याच बेटावर येतो. त्याची पिल्लं तर उडायलाच विसरली आहेत. थोड्या वेळापूर्वी मी त्या पक्ष्यांवर चिडले होते. माहितो खड्डा खणतो आणि त्याला पुरतो. बगळाही शेजारी उभा असतो. वाईट कोण हे ठरवून टाकण्याची माझी घाई त्या खड्ड्याशी थांबली.

पोपट आले तेव्हा मात्र पुन्हा गोंधळले. माणसाएवढे पोपट, पाठीमागे सुरे लपवलेले, माणसाला कापून खाणारे. आपला राघू पेरू खातो, मिरची खातो, पिंजऱ्यात 'विठू विठू' म्हणतो. त्याला असं बघवेना. या पोपटांचा राजा आहे, फौज आहे, मिरवणुका आहेत. पण त्यांचाही एक नियम निघाला: पोटात मूल असलेल्या बाईला खायचं नाही. माहितो जिला शोधत आलाय ती नात्सुको या पोपटांच्याच मनोऱ्यात आहे, आणि त्या नियमामुळेच ती जिवंत आहे.

त्यानंतर जे आलं ते समजायला मला कोणाची गरज लागली नाही. दगडी खोली, मध्ये पलंग, त्यावर नात्सुको झोपलेली. वर गोल कडीला कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या टांगलेल्या. ती बाळंतिणीची खोली. तिथं परक्यानं जायचं नाही. भिंतींतले दगडसुद्धा ठिणग्या टाकून अडवतात. माझ्या लहानपणी आमच्या घरातही अशी खोली होती. सोयर असेपर्यंत आम्हा पोरांना उंबरा ओलांडू देत नसत, दाराशी विस्तव ठेवलेला असे, आणि पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणून आम्ही गोधडीत डोकं घालून जागे राहत असू. जपानची सटवाई कोण ते मला माहीत नाही, पण ती खोली मी ओळखली.

माहितो आत जातो. नात्सुको जागी होते आणि ओरडते. चेहरा एकदम वेगळा होतो. खालची अक्षरं वाचली नाहीत तरी कळलं, की ती 'चालता हो' म्हणते आहे, 'तू मला आवडत नाहीस' म्हणते आहे. कागदाच्या पट्ट्या गरगरा फिरतात, त्याच्या तोंडाला, हातांना चिकटतात. तोवर सबंध चित्रपटभर तो तिला 'नात्सुकोसान' म्हणत आला होता; आपण परक्या बाईला नाव घेऊन 'ताई' किंवा 'बाई' जोडतो तसं. आता पट्ट्या ओढून काढत तो हाक मारतो आणि माझ्या कानात भाचीनं ठेवलेला शब्द वाजला: "नात्सुको कासान!"

मी भाचीकडे बघितलं नाही. तिनंही बघितलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मला आजही पुरतं उलगडलेलं नाही. त्या जगाचा धनी म्हणजे माहितोच्या आईचा एक पणजोबांच्या वयाचा नातलग. खूप वाचून वाचून तो मनोऱ्यात नाहीसा झाला होता. त्याच्यासमोर तेरा दगड आहेत. ते एकावर एक तोलून रचले की ते जग तगतं. तो माहितोला म्हणतो, हे काम तू घे, हे दगड दुष्टपणाचा डाग नसलेले आहेत. माहितो डोक्यावरची खूण दाखवतो. ही मी स्वतःच करून घेतली, म्हणतो, हा माझ्यातल्या दुष्टपणाचा पुरावा आहे, मला त्या दगडांना हात लावता येणार नाही. मी परत जाणार. पोपटांचा राजा रागानं स्वतःच दगड रचायला जातो, ते कोसळतात, सगळं जग फुटतं.

पहिल्या अर्ध्या तासात मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःच्या तोंडानं दिलं होतं. इतकी वर्षं शिकवताना मी अशी मुलं पाहिली आहेत. वडील गेल्यावर एका मुलानं आपलं दप्तर स्वतः विहिरीत टाकलं आणि नाव दुसऱ्याचं घेतलं. दुःख कुठं ठेवायचं ते मुलांना कळत नाही. कोणीतरी आपल्याला मारलंय एवढं त्यांना दाखवायचं असतं, आणि ते खरंच असतं. मारणारा फक्त दाखवता येत नाही.

आणि हिमी. ती आग खेळवणारी, लोणी-जॅम माखलेला पाव खाऊ घालणारी मुलगी म्हणजे माहितोची आईच, लहानपणीची. वाड्यातल्या म्हाताऱ्या आधी सांगतात की ती लहान असताना वर्षभर नाहीशी झाली होती आणि काही न आठवता हसत परत आली होती. ते माझ्याकडून निसटलं होतं, नंतर भाचीनं जोडून दिलं. शेवटी लांबच लांब दालनात दारंच दारं असतात. माहितोचं दार वेगळं, हिमीचं वेगळं, कारण तिला तिच्या काळात परत जायचं आहे. तो तिला अडवतो: त्या दारानं गेलीस तर पुढे आगीत मरशील. ती म्हणते आगीचं मला भय नाही, मला तुझी आई व्हायचंय. आणि दार उघडून जाते. युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर हे कुटुंब टोकियोला परत निघतं, धाकटा भाऊ चालू लागलेला असतो, माहितो पिशवी उचलून खोलीबाहेर पडतो आणि चित्रपट संपतो. मला वाटलं मशीन बंद पडलं. मग पडदा निळा झाला, गाणं लागलं, लोक उठले.

बाहेर रस्त्यापलीकडच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. भाचीनं तो चित्रपट आधी एकदा पाहिला होता, हे तेव्हा सांगितलं. ग्लास हातात धरून ती म्हणाली, "मावशी, चौथीत माझी वेणी वर्गातल्या मुलींनी कापली नव्हती. मीच कापली होती."

मला ते माहीत होतं. आधी मी त्या दोन मुलींना वर्गात उभं करून रागावले होते, ते माझं चुकलं. महिन्याभरानं आक्काची ट्रंक साफ करताना लुगड्यांच्या घडीत ती वेणी मला सापडली, लाल रिबिनीसकट. मी ट्रंक लावून टाकली. वीस वर्षं आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नव्हतो. तिला मी तिथं रस्त्यावर एवढंच सांगितलं, की वेणी अजून आहे.

मग तिनं विचारलं, "आई बारा-तेरा वर्षांची होती तेव्हा कशी होती?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नव्हता. तिच्या वडिलांनी आक्काला लग्नाची मुलगी म्हणून पाहिलं, त्याआधीची आक्का त्यांना ठाऊक नाही. आई-अण्णा गेले. आक्का लहान मुलगी असतानाची ओळख असलेलं माणूस आता जगात मी एकटीच उरले आहे. नात्सुकोही तशीच होती, आणि माहितोला ते विचारायचं सुचलं नव्हतं. त्याला त्यासाठी जमिनीखाली जावं लागलं.

गावी परतल्यावर मी या चित्रपटाबद्दल मिळेल ते वाचलं. काढणारे हायाओ मियाझाकी १९४१ साली जन्मले. त्यांच्या घराण्याचा कारखाना लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवायचा. चित्रपटातल्या वाड्यात विमानांच्या काचेच्या टपांच्या रांगा मांडलेल्या दिसतात, त्या तिथून आल्या. ते चार वर्षांचे असताना त्यांच्या शहरावर बाँब पडले. त्यांची आई पुढे मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळली होती. २०१३ साली त्यांनी निवृत्ती जाहीर केली होती, ती मोडून हा चित्रपट काढला आणि १४ जुलै २०२३ रोजी तो जपानमध्ये लागला तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. तिथं त्याची झलकही दाखवली नव्हती, फक्त बगळ्याचं एक भित्तिपत्रक. म्हणजे जपानी प्रेक्षकही माझ्यासारखेच काही न कळता अंधारात जाऊन बसले. मूळ नावाचा अर्थ 'तुम्ही कसं जगणार?' असा आहे. योशिनो गेन्झाबुरो यांच्या १९३७ सालच्या पुस्तकाचं ते नाव. चित्रपटात आईनं मुलगा मोठा झाल्यावर वाचण्यासाठी ठेवलेलं तेच पुस्तक माहितोला सापडतं आणि त्याच्या पानांवर त्याचे अश्रू पडतात. मला तेव्हा ते कुठलं पुस्तक ते समजलं नव्हतं, रडणं समजलं होतं. मार्च २०२४ मध्ये या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. आणि ज्यांनी तो हातानं काढला त्या सहकाऱ्यांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा मियाझाकींनी कळवलं होतं, की तुम्हाला बहुधा काही समजलं नसेल, मलाही काही जागा समजलेल्या नाहीत. हे वाचून मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

तुम्ही पाहणार असाल तर जपानी आवाजातच पाहा. इंग्रजी अक्षरं सुटली तर सुटू द्या. आणि शक्य असेल तर ज्याच्याशी काही बोलायचं राहून गेलंय अशा माणसाला बरोबर न्या.

पुढच्या रविवारी भाची गावी आली आणि आम्ही दोघी पळसदेवला गेलो. आमचं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० साली पुरं झालं, गाव त्याआधीच उठलं होतं. घरं, पार, शेतं सगळं खाली आहे. पळसनाथाचं जुनं शिवमंदिर तेवढं उभं राहिलं, तेही एरवी पाण्यात असतं. त्या वर्षी दुष्काळ होता, भीमा पार आटली होती, मंदिर पायापासून उघडं पडलं होतं. गाळ वाळून भेगाळला होता. त्यातून चालत जाऊन मी तिला आमचं घर कुठं होतं ती जागा अंदाजानं दाखवली. आक्का जिथून नदीत उडी मारायची तो दगडी काठ दाखवला. ती पाण्याखाली इतका वेळ राहायची, की मी काठावर रडायला लागायचे, आणि मग पार पलीकडे तिचं डोकं वर यायचं. भाचीनं त्या दगडावर बसून मला हे तीनदा सांगायला लावलं.

पावसाळ्यात धरण भरलं आणि मंदिर पुन्हा पाण्याखाली गेलं.